अकरा फोनांची पिशवी

आमच्या पाड्यात एक पिशवी आहे. जुन्या छत्रीच्या कापडाची, काळी, एका बाजूला लाल ठिगळ लावलेली. ती कोणा एकाची नाही. ज्या घराची पाळी असेल त्या घराच्या खुंटीला ती टांगलेली असते. वीज गेली आणि दोन दिवसांत आली नाही की पाड्यातले सगळे फोन त्या पिशवीत जमा होतात आणि पाळीच्या घरातलं कोणीतरी ती घेऊन धसईला जातं. तिथे डिझेल इंजिनवर चालणारी एक गिरण आहे. गिरणीच्या मामांनी भिंतीला एक लांब फळी ठोकून तिच्यावर ओळीने प्लग बसवले आहेत. सकाळी फोन लावायचे, दुपारी काढायचे, पिशवीत भरायचे आणि वर यायचं. मामा प्रत्येक फोनामागे थोडे पैसे घेतात, नाहीतर एखादी भाजीची जुडी.

आमच्याकडे विजेच्या तारा जंगलातून येतात. वारा सुटला, झाड तारेवर पडलं की दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर अंधार. तक्रार करायला फोन लागतो, फोनला रेंज लागते, आणि रेंज पाड्यात नाही. ती रस्त्यावरच्या एका वळणावर मिळते.

मी दहा वर्षांची असल्यापासून ती पिशवी नेते आहे. आता मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. इतक्या वर्षांत पिशवीची मला कधी भीती वाटली नव्हती. आत एखाद्याचा जुना फोन, त्यात नातवाचा फोटो, गाणी. हरवला असता तर बोलणी बसली असती, तेवढंच. भीती यंदा वाटली, आणि ती माझ्यामुळेच आली होती. म्हणून हे लिहावंसं वाटलं. नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

झालं असं की गेल्या वर्षी एका संस्थेने आसपासच्या पाड्यांतल्या बायकांना बटणांचे साधे फोन दिले. त्यात डिजिटल रुपयाचं पाकीट होतं, बिनारेंजचं. बायकांना ते शिकवायला प्रत्येक पाड्यातून एक शिकलेली मुलगी त्यांना हवी होती. आमच्या पाड्यात निवडायला दुसरी नव्हतीच, त्यामुळे मी निवडली गेले.

आमचं प्रशिक्षण शहापूरला झालं, दोन दिवस, एका हॉलमध्ये. सगळ्या मुली पटापट लिहून घेत होत्या आणि मी शेवटच्या रांगेत होते. संस्थेच्या मॅडम चांगल्या होत्या, सोपं करून सांगायच्या. बँकेतले पैसे रेंजमध्ये असताना एकदा फोनात भरायचे. मग ते फोनातच राहतात. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने फोन एकमेकांना टेकवायचे, आकडा टाकायचा, गुपित नंबर टाकायचा, की इकडचे पैसे तिकडे. मध्ये टॉवर लागत नाही, वीज लागत नाही. फोन तेवढा चार्ज असला पाहिजे.

किन्हवलीकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, फोन हरवला तर?"

"खिशातली नोट हरवली तर काय होतं?" मॅडम म्हणाल्या. "तेच. हे पैसे आमच्याकडे नसतात, फोनात असतात. आम्हाला इथे बसून ते बंद करता येत नाहीत. म्हणून गुपित नंबर. प्रत्येकीचा वेगळा. बायकांनी तो कोणाला सांगायचा नाही, तुम्हालासुद्धा नाही."

माझ्या मनात एक प्रश्न होता. बाईला आकडेच येत नसतील तर? हात वर करायचं मी दोन्ही दिवस ठरवत होते. दुसऱ्या दिवशी चहा आला, मग प्रमाणपत्रं वाटली, मग सगळे उठले.

पाड्यात परत आल्यावर तोच प्रश्न माझ्यासमोर अकरा बायका होऊन बसला. आमच्या ओट्यावर. त्यांत माझी आई होती आणि काकी होती. काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. आसपासच्या पाड्यांत लग्न निघालं की भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायला तिला बोलावणं येतं. शाळेत ती एक दिवसही गेलेली नाही.

"हा एक. हा दोन. हा तीन," मी बटणं दाखवत होते.

"तुझा एक नि तुझा सात मला एकच दिसतंय गो," शेजारची म्हातारी म्हणाली.

"आजी, साताला वर दांडी आहे बघा."

"दांडी बगाया डोळं नकोत का?"

सगळ्या हसल्या. एक तास गेला, दुसरा गेला. एकजण उठून शेळ्या सोडायला गेली ती परत आली नाही. संध्याकाळी मॅडमना कळवायचं होतं की किती जणींनी नंबर ठेवला.

काकी एवढा वेळ बोलली नव्हती. ती फोन मांडीवर धरून बटणांवरून अंगठा फिरवत होती, आडवा, मग उभा. मग म्हणाली, "खालची वळ सोडली तं ह्यो चौकच हाय. तीन आडवं, तीन उबं."

"असेल काकी, पण..."

"चौक लिवताना आदी चार कोपरं टेकवाचं. वरचा ह्यो, मंग त्यो, मंग खाली, मंग हिकडं." तिचा अंगठा चार कोपऱ्यांवरून गेला. टुक, टुक, टुक, टुक. फोनने नंबर घेतला.

"परत टाक," मी म्हणाले.

तिने बोलता बोलता परत टाकला, दुसरीकडे बघत.

"मला बी कोपरंच द्ये," म्हातारी म्हणाली आणि तिने डोळे मिटून चार कोपरे दाबले. लग्नाचा चौक कोणी लिहिला नसला तरी बघितलेला सगळ्यांनी असतो. पाच मिनिटांत सगळ्यांचे नंबर ठेवून झाले. शेळ्यांमागे गेलेलीला हाक मारून आणलं, तिचाही झाला. मला इतका आनंद झाला की मी काकीच्या गळ्यात पडले.

अकरा जणींची किल्ली एकच झाली हे मला तेव्हा सुचलं नाही, असं लिहिलं तर ते अर्धं खरं होईल. त्या क्षणी सुचलं नाही. दोन दिवसांनी सुचलं. पण तोवर मॅडमनी मला शाबासकी दिली होती. "एका दिवसात सगळ्यांचं झालं? कसं ग?" मी म्हटलं, "सराव करून घेतला, मॅडम." आता सगळ्यांना परत बसवून आकडे शिकवायचे म्हणजे पुन्हा तो एक आणि तो सात. बघू पुढे, असं म्हणत मी तसंच राहू दिलं. पाड्यात कोण कोणाचा फोन उघडणार आहे, अशी मी माझी समजूत घातली.

आणि चाललं होतंही छान. धसईच्या बाजारात किराणावाल्याकडे तसा फोन होता, मोहाची फुलं घेणाऱ्या व्यापाऱ्याकडेही होता. दुकानातली वीज गेलेली असो की रेंज, फोनाला फोन टेकवला की काम होई. सुट्ट्यांसाठी कोणी चॉकलेट हातावर ठेवत नसे. काकीला तर तो फोन फार आवडला होता. एकदा म्हणाली, "नोटा घरात असल्या की गड्याला वास येतो. ह्याला वासच नाय." काका समोर बसून बिडी ओढत होते. तेही हसले, जरा कसनुसे.

यंदाच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मोहाचे आणि करवंदांचे पैसे फोनातच ठेवले. ते आगोटीसाठी होते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमची वाट तुटते, म्हणून मीठ, मिरची, डाळ, तेल, कांदे, सुकट असं सगळं आधीच भरून ठेवावं लागतं. त्याला आगोट म्हणतात. ज्या घराची आगोट राहिली त्या घराने चार महिने दुसऱ्यांच्या चुलीकडे बघायचं. तसं कोणाला आवडत नाही आणि कोणी बोलूनही दाखवत नाही.

मे महिना संपता संपता एका दुपारी वारा सुटला आणि आमच्यावरच्या रानात दोन खांब आडवे झाले. एकेक करून फोन बंद पडले. आगोटीच्या बाजाराला दोनच दिवस उरले होते, आणि पिशवी आमच्या खुंटीला होती.

सकाळी बायका फोन घेऊन आल्या. संस्थेचे फोन सगळे एकसारखे, म्हणून प्रत्येकीने आपल्या फोनाला ओळखीची चिंधी बांधलेली असते. काकीची पिवळी, लुगड्याच्या काठाची. काकीने फोन स्वतः पिशवीत ठेवला आणि वरून कापड दाबलं.

"नीट ने गो. सगळ्यांची आगोट हाय त्यात."

"काकी, मी काय पहिल्यांदा नेतेय का?"

"पैलं फोन व्हतं. आता पैसं हायत. तूच सांगलंस ना?"

मीच सांगितलं होतं. ओट्यावर बसवून दहा वेळा सांगितलं होतं, फोन म्हणजे पैसे.

खाली फाट्यावर जीप मिळाली. ती धसईवरून पुढे मुरबाडला जाते. नेहमीसारखी भरलेली. ड्रायव्हर म्हणाला, "पिशवी पुढं दे, तू मागं चढ." मी पिशवी त्याच्या सीटमागच्या फटीत ठेवली आणि मागच्या फळीवर अर्धी बसले. माझ्या शेजारी ओढ्यापलीकडच्या पाड्यातली एक मावशी होती, करवंदांची टोपली मांडीवर घेतलेली. चेहऱ्याने ओळखीची, बोलण्याची नाही.

रेंजच्या वळणावर मी माझा फोन चालू केला. चार दिवस बंद ठेवून त्यात थोडा जीव राखला होता. सहा टक्के. एकामागून एक मेसेज आले. कॉलेजचे, मैत्रिणीचे, आणि एक मॅडमचा, आम्हा सगळ्या मुलींना पाठवलेला. एका गावात पुष्कळ बायकांचा गुपित नंबर एकच असल्याचं लक्षात आलं आहे. एकीचा नंबर कळल्यावर इतरांच्या फोनातले पैसेही गेले. प्रत्येकीने आपल्या गावातल्या बायकांचे नंबर वेगवेगळे आहेत याची खात्री करून आजच कळवावं.

मी तो परत वाचला. मग तिसऱ्यांदा. मी उत्तर लिहिलं, "हो मॅडम, सगळ्यांचे वेगळे आहेत." ते बघत राहिले. ते एक वाक्य पाठवलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. मी पुसलं. परत लिहिलं. ड्रायव्हर ओरडत होता, "धसई, धसई! उतरा चला, टाइम नाय." मी भाडं दिलं, उतरले, आणि फोनकडे बघतच गिरणीपर्यंत चालत गेले.

दारात मामा उभे होते, भुवयांवर पीठ.

"आलीस? बरं झालं, फळी रिकामी हाय. पिशवी कुटंय गो?"

मी माझ्या हाताकडे बघितलं.

मला खरं सांगता आलं असतं. मामांना मी लहानपणापासून ओळखते. पण माझ्या तोंडून निघालं, "मागून येतेय." आणि मी वळले. रस्त्यावर जीप नव्हती. धूळसुद्धा खाली बसली होती.

मुरबाडला जाणारी एसटी अर्ध्या तासाने आली. तो अर्धा तास आणि पुढचा रस्ता मला अजून पुरता आठवत नाही. एवढं आठवतं की माझा अंगठा पिशवीच्या बंदाऐवजी ओढणीच्या टोकावर चार कोपरे दाबत होता. आपोआप. एक, तीन, नऊ, सात. माझ्या लक्षात आलं की कंटाळलेला कोणीही माणूस सहज म्हणून हेच दाबून बघेल. आत्ता फोन बंद आहेत, म्हणून वेळ आहे. पण मुरबाडला वीज आहे. कुठल्याही पानटपरीवर एक फोन चार्जला लागला, चार कोपरे दाबले गेले, की एक उघडला. एक उघडला की उरलेले दहा उघडले. मीठ, मिरची, डाळ, तेल. अकरा घरं.

आणि मॅडम काही करू शकणार नव्हत्या. इथे बसून आम्हाला बंद करता येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून.

मुरबाडच्या स्टँडबाहेर जीप उभी होती. ड्रायव्हर बोनेटला टेकून वडापाव खात होता.

"दादा, काळी पिशवी. सीटमागे ठेवली होती."

"लाल ठिगळाची? ती तर गेली."

"गेली म्हणजे?"

"एक बाई घेऊन गेली. बोलली, आमची हाय. मी दिली."

"तुम्ही अशी कशी दिलीत?"

तो चावायचा थांबला. "बाय, मी गाडी बघू का पिशव्या बघू? तुझी व्हती तर तू कशाला ठेवून गेलीस?"

कशी होती बाई, मी विचारलं. डोक्यावर टोपली होती, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्या दिवसांत मुरबाडच्या बाजारात डोक्यावर टोपली नसलेली बाई शोधावी लागते. करवंदं, जांभळं, आळवं. मी एकेका टोपलीमागे बघत फिरले. एका बाईला विचारलं, काळी पिशवी दिसली का. ती म्हणाली, "पिशव्या पायलीला पन्नास हायत, तुला कंची पायजे ती घे," आणि तिच्या बाजूची हसली. जीपमधली मावशी मला आठवत होती, पण ती कुठे दिसेना. "आमची हाय" म्हणाली म्हणजे कोणाची? ती तर पलीकडच्या पाड्याची. दोन पाड्यांत मागे ओढ्याच्या पाण्यावरून भांडण झालेलं होतं. मला ते आठवायचं नव्हतं, पण आठवलं. एका अनोळखी बाईला मी बाजाराच्या मधोमध उभी राहून मनातल्या मनात चोर ठरवत होते, आणि तिची आगोट भरली की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

तिथेच माझा फोन बंद पडला.

दुपारच्या जीपने मी परत निघाले. आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. आधी मामांना खरं सांगायचं, मग वर जायचं, एवढंच ठरवलं.

गिरणीच्या दारात आले आणि फळीवर मला पिवळी चिंधी दिसली. तिच्या बाजूला हिरवी. मग आईची, लाल दोऱ्याची. ओळीने अकरा फोन लागले होते. अकराही दिवे लुकलुकत होते. खाली खुंटीला रिकामी पिशवी.

मामा म्हणाले, "तू बोल्लीस मागून येतेय. खरंच आली मागून. तुझ्या आदी."

मी धान्याच्या पोत्यावर बसले. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सांगितलं. मावशीने मुरबाडला उतरताना पिशवी बघितली. छत्रीच्या कापडाची, लाल ठिगळाची पिशवी कुठल्या पाड्याची हे या बाजूला सगळ्यांना माहीत आहे, तशी त्यांची खताच्या गोणीची आम्हाला माहीत आहे. फोनची पिशवी गिरणीवर जाते हेही माहीत. करवंदांची टोपली तिने वाटेतच एका दुकानदाराला उक्ती देऊन टाकली, येईल त्या भावाने, आणि लगेचच्या जीपने परत आली. मी त्या वेळी उलट्या दिशेने एसटीत होते.

"काय म्हणाली?"

"बोलली, पोरीला सांग, पिशवी मांडीवर ठेवाची असते." मामा हसले. "नि बोलली, आमच्यातली असती तं कानाखाली दिली असती."

मला रडू आलं. मामा इंजिनाकडे बघत राहिले.

मग दुसरी काळजी सुरू झाली. फोन परत आले, पण आत सगळं जागेवर होतं का? मी उठून काकीचा फोन हातात घेतला. तो चालू झाला होता. नंबर मागत होता. माझा अंगठा पहिल्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. दिवसभर मी जगातल्या सगळ्या माणसांना घाबरत होते, जी हा फोन उघडू शकतील. त्यांतली पहिली मीच होते. वर्षभर होते. मी कधी उघडला नव्हता, पण काकीने हे कोणाच्या भरवशावर मानायचं? मी फोन परत फळीवर ठेवला.

माझा फोन एका रिकाम्या प्लगला लावला. चालू झाल्यावर मॅडमना लिहिलं, "माझ्या अकराही जणींचा नंबर एकच आहे. मीच शिकवला. उद्या बदलून घेते." या वेळी वाचत बसले नाही, पाठवून दिलं. उत्तर येईपर्यंत मी रेंजमध्ये राहिले नाही.

पिशवी मांडीवर घेऊन वर आले. प्रत्येकीने आपापली चिंधी बघून फोन नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं. पिशवी जीपमध्ये राहिली होती तेही सांगितलं. आईने कपाळावर हात मारला.

म्हातारी म्हणाली, "म्हंजे हिचा फोन मला उगडतो?"

"हो आजी."

"नि माजा हिला?"

"हो."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, पैसे राहिले पण मी दुसरंच काहीतरी घालवलं. कालपर्यंत या बायकांना एकमेकींच्या फोनाची शंका नव्हती, ती मी ओट्यावर आणून ठेवली.

"मला उगडाचा असता तं कवाच उगडला असता," म्हातारी म्हणाली. "हिच्यात हाय काय? माज्याहून कमी."

हशा पिकला. काकी तेवढी हसली नाही. तिने फोन उचलला, अंगठा बटणांवरून फिरवला. "कोपरं सगळ्यांच्या चौकाचं सारकंच. आतली नक्षी ज्याची त्याची आसते. आतलं घ्याचं."

"पण काकी, लक्षात राहायला हवं. तीन वेळा चुकलं तर फोन बंद होतो. मग मला शहापूरला जावं लागेल, आणि पैसे परत मिळतील की नाही ते मला खरंच माहीत नाही."

"मंग चुकाचं नाय."

मी घरोघरी गेले. प्रत्येकीला नंबर बदलायच्या जागेपर्यंत आणून द्यायचं आणि मग भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागून टुक टुक ऐकू यायचं. म्हातारीच्या टुकटुकीत मध्ये फार वेळ गेला, मी वळणार होते. काकीकडे मात्र मी सवयीने तिच्या हाताकडे बघत उभी राहिले.

"बगतेस काय?" ती म्हणाली. "तोंड फिरव."

मी फिरवलं. लहानपणी ती मला कडेवर घेऊन रानात जायची. पण तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार. आम्ही सगळ्या उतरलो. किराणावाल्याच्या दुकानात वीज नव्हती, बाहेर आभाळ भरलेलं. एकेक जण सामान बांधून घेई, फोन टेकवी आणि हात पदराखाली नेई. किराणावाला म्हणाला, "काय गो, आज सगळ्या फोनला लाजताव काय?"

"तू तोंड तिकडं कर," म्हातारी म्हणाली. तिचा पहिल्याच फटक्यात लागला.

काकीची पाळी आली. मीठ, मिरची, डाळ, तेलाचा डबा, सुकटीचं गाठोडं तिच्या पायाशी ठेवलेलं. तिने फोन टेकवला, पदराखाली हात नेला. किराणावाल्याच्या फोनचा आवाज झाला, पण तो नको असलेला आवाज होता. चुकला.

मी मिठाच्या गोण्यांपाशी उभी होते. परवापर्यंत मी पुढे होऊन म्हटलं असतं, काकी, आण इकडे. आता माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तिने काय ठेवलंय, कुठून कुठे गेलीय, जगात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. एकजण म्हणाला, "मावशे, नोट काढ ना, टाइमपास कशाला?"

काकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने फोन काउंटरवर ठेवला आणि डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं हवेत किंचित हलली, भिंतीसमोर बसल्यावर पिठात बुडवायच्या आधी हलतात तशी. ती थांबली, परत सुरुवातीपासून हलली. मग तिने डोळे उघडून फोन पदराखाली घेतला.

टुक. टुक. बराच वेळ काही नाही. टुक. टुक.

किराणावाल्याने आपला फोन बघितला आणि मान हलवली. काकीने सुकटीचं गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं, तेलाचा डबा स्वतः घेतला, आणि बाहेर पडताना म्हणाली, "चल, जीप भरंल. नि पिशवी कुटंय?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. रिकामी होती, तरी मी तिचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.